हसू कोणाच्या बोलीतले?

कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला, की कर्नाटकातले पहिले मोठे गाव लागते ते कोगनोळी. पूर्वी चिकोडी आणि आता निपाणी तालुक्यात असलेले हे गाव एरवी तंबाखू-उसाचे, गुराढोरांचे, चारचौघांसारखे. मात्र वर्षातून एकदोनदा त्याचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर पडते. डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, त्याला उत्तर म्हणून मराठी भाषकांचा महामेळावा जाहीर होतो आणि त्यासाठी निघालेल्या महाराष्ट्रातील पुढाऱ्यांना कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोलीस अडवतात. २०२२ सालीही तेच घडले. त्याआधी २०२१ मध्ये साथीच्या दिवसांत चाचणीचा दाखला नसलेल्यांना याच ठिकाणाहून माघारी फिरावे लागले होते. अडवाअडवीची कोगनोळीला आता सवय झाली आहे.

पण या नाक्यावरून काही गोष्टी कोणालाही न विचारता रोज ये-जा करीत असतात. दूरचित्रवाणीच्या लहरी त्यांपैकीच एक. अलीकडे एका संध्याकाळी आम्ही या भागात एका स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. गल्लीत एका घरातून मराठी विनोदी कार्यक्रमातला हशा ऐकू येत होता, समोरच्या घरात कन्नड मालिका लागली होती आणि आमच्या यजमानांच्या आई नातवाच्या मोबाईलवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' पाहत होत्या. तिन्ही ठिकाणी हसणे चालू होते. मजेची गोष्ट अशी, की एका घरातला विनोद दुसऱ्या घरातल्या माणसाला सांगू गेले तर तो हसेलच, याची खात्री कोणी दिली नसती.

तेव्हा आम्ही ठरवले, की चार घरी जाऊन एवढेच विचारायचे : विनोदी मालिका पाहता का, हसू येते का, आणि येत असेल तर कशाने? प्रश्न साधा, पण उत्तरे ऐकता ऐकता आम्ही थेट भाषेच्या प्रश्नापाशी येऊन पोचलो.

चिमणराव आले, पण सांगोवांगी

मराठी घरातल्या माणसांची, त्यांच्या फजितीची मालिका ही काही वाहिन्यांच्या जमान्यातली गोष्ट नव्हे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचले. आपल्या भागात मात्र तेव्हा दूरचित्रवाणी संच दिसणेच दुर्मिळ. मुंबईला गिरणीत असलेला गाववाला सुट्टीला आला, की तो चाळीतल्या कोणाच्या तरी खोलीत दाटीवाटीने बसून पाहिलेला भाग पारावर सांगायचा. ऐकणारे हसायचे. चिमणराव आपल्याकडे प्रथम आले ते असे, सांगोवांगी.

पुढे १९८४ साली दिल्लीहून 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि दर भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह यांची ही मालिका हिंदी व्यंगलेखक शरद जोशी यांनी लिहिली होती. आता निपाणी भागात शरद जोशी म्हटले, की दुसराच चेहरा डोळ्यांपुढे येतो. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात महामार्गावर ठिय्या देऊन बसलेल्या शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी! आंदोलनातले जोशी आता दूरदर्शनसाठी विनोदी मालिका लिहितात की काय, असा प्रश्न त्या काळी इथे कोणाला पडला असल्यास नवल नाही. नावसारखेपणाचा हा विनोद हसण्यावारी न्यायचा, पण गोळीबारात माणसे गमावलेल्या घरांत तो अर्ध्यावरच थांबतो.

१९८८ मध्ये 'वागले की दुनिया' आली. मध्यमवर्गीय मराठी कारकून, त्याची बायको, मुले आणि रोजच्या लहानमोठ्या अडचणी. ही पात्रे आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे म्हैसुरात जन्मलेल्या व्यंगचित्रकाराची. दिग्दर्शन कुंदन शाह यांचे आणि निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. वागले झाले होते अंजन श्रीवास्तव, वागलेवहिनी भारती आचरेकर, आणि सगळे बोलायचे हिंदीत. म्हैसूरच्या माणसाने मुंबईतल्या मराठी घराचे केलेले चित्र हिंदीतून सगळ्या देशाने पाहिले. सीमाभागातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते. २०२१ मध्ये याच वागल्यांची पुढची पिढी घेऊन नवी मालिका सुरू झाली तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी जुन्या-नव्याची तुलना केली, ती ओघानेच आली.

या मालिकांचे यंत्र चालते कसे?

अशा मालिकांना आपण सरसकट विनोदी मालिका म्हणतो. इंग्रजीत त्यांना सिच्युएशन कॉमेडी म्हणतात. तेच घर, तीच माणसे, दर भागात एक नवा घोटाळा आणि शेवटी सगळे पुन्हा पहिल्या जागी. अमेरिकेत हा प्रकार आधी रेडिओवर रुजला आणि १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह ल्युसी'ने त्याला दूरचित्रवाणीवर घट्ट बसवले. समोर प्रेक्षक बसवायचे आणि एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी प्रसंग टिपायचा, ही तिची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. प्रेक्षक नसतील तेथे मुद्रित केलेला हशा जोडण्याची युक्तीही त्याच दशकात अमेरिकेत निघाली.

या हशाबद्दल एका आजींनी आम्हाला विचारले, "ते मागं हसत्यात ते कोण ओ? आमास्नी हसाय येयाच्या आदीच त्येंचं सुरू हुतंय." आम्ही सांगितले, की तो हशा बऱ्याचदा नंतर जोडलेला असतो. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे रडाय बायका आणायच्या तसं हसाय माणसं आणल्यात म्हणा की!" आम्हाला यापेक्षा चांगली व्याख्या सुचली नसती.

विनोदी मालिकेला एक गोष्ट लागतेच : पाहणाऱ्याला ते घर ओळखीचे वाटले पाहिजे. ओळख नसेल तर घोटाळा घोटाळा वाटत नाही. आणि घराची पहिली ओळख पटते ती बोलण्यावरून. कोगनोळीसारख्या गावात प्रतिक्रिया संमिश्र का येतात, याचे मूळ येथेच आहे.

टिपरे घरात आले तेव्हा

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि २००१ मध्ये तिच्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. स्वतः प्रभावळकर आबा झाले. मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातवंडे शलाका आणि शिऱ्या. आजोबा रोज डायरी लिहितात आणि घरातल्या तीन पिढ्यांची कुरबुर त्या डायरीतून उलगडते. शिवीगाळ नाही, कट-कारस्थान नाही.

मालिका नवी होती तेव्हा आपल्या भागात तिच्याविषयी काय बोलले जाई, हे आम्हाला चांगले आठवते. केबलवाल्याने वाहिनी सोडली नाही, तर त्याच्या दारात जाऊन भांडणारी माणसे होती. निवृत्त मास्तर मंडळींना ती मनापासून आवडे. "घरात सगळ्यांसमोर बसून पाहता येते," हे त्यांचे पहिले प्रमाणपत्र. विड्या वळणाऱ्या बायकांनाही ती सोयीची होती. हात सुपात, पानावर जर्दा पसरून वळायचे काम चालू आणि कान टीव्हीकडे. डोळे वर केले नाहीत तरी गोष्ट कळायची, कारण सगळी गंमत बोलण्यात होती. दिवसाचा हजाराचा हिशेब पुरा करायचा असेल, तर कानाने पाहता येईल असाच कार्यक्रम परवडतो.

नापसंतीही होतीच. एक शेतकरी तेव्हा म्हणाले होते ते आमच्या स्मरणात आहे : "मालिका ब्येस हाय, पर त्येंच्या घरात कवा लाईट जात न्हाई, म्हस दूध चोरत न्हाई, फॅक्टरीचं बिल थकत न्हाई. मग त्येंला अडचण कसली?" तरुण पोरांना ती संथ वाटे. एका गृहिणीची तक्रार वेगळीच होती : मालिकेतली सून सासऱ्यांशी ज्या मोकळेपणाने बोलते ते आपल्याकडे चालायचे नाही. पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते तक्रारीचे नव्हते.

आज वीस-बावीस वर्षांनी तीच मालिका मोबाईलवर पाहणाऱ्या आमच्या यजमानांच्या आईंना आम्ही विचारले, की ही पुण्या-मुंबईची मराठी तुम्हाला परकी वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "बोलनं त्येंचं येगळं हाय, पर कुरकुर आमचीच हाय."

समोरच्या घरातले डॉक्टर विठ्ठलराव

आता समोरच्या घराकडे वळू. त्या घरातली मुले कन्नड शाळेत शिकलेली. मराठी घरी बोलतात, कन्नड बाहेर. उदय टीव्ही १९९४ मध्ये आणि ई टीव्ही कन्नड २००० च्या अखेरीस सुरू झाल्यावर अशा घरांत कन्नड मालिका सहज शिरल्या. नव्या शतकाच्या सुरुवातीला ई टीव्ही कन्नडवरच्या 'पापा पांडू' आणि 'सिल्ली लल्ली' या विनोदी मालिकांनी तर कर्नाटकभर हसवले. 'सिल्ली लल्ली'तल्या मुख्य पात्राचे नाव डॉक्टर विठ्ठलराव. नाव ऐकले आणि आपल्या भागातल्या कोणत्याही मराठी माणसाला तो शेजारचा वाटावा!

त्या घरातल्या एका तिशीतल्या गृहस्थांनी सांगितले, "मला दोन्हीकडचं हसू येतंय. पर कन्नडमधलं मी आईला सांगाय गेलो की त्यातलं हसूच जातंय." हे ते सहज बोलून गेले. आम्हाला मात्र या सबंध फेरीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच वाटले.

परकी भाषा शिकताना बाजारहाट आधी येतो, मग कचेरीतला अर्ज, मग वर्तमानपत्र. विनोद सगळ्यांत शेवटी येतो. सातबाराच्या जागी कन्नडमधला पहाणी उतारा वाचायला आपली माणसे गरजेपोटी शिकली. गरज म्हणून कोणी हसायला मात्र शिकत नाही. ज्या भाषेत माणूस खेळला, भांडला, रुसला त्याच भाषेत त्याला चटकन हसू येते. म्हणून एका घरातली दोन पिढ्यांची माणसे वेगवेगळ्या भाषांत हसू लागली, की त्या घरात काही तरी हलले आहे असे समजावे. नातू हसतो, आजी विचारते, "का हसलास रं?" नातू समजावून सांगू लागतो, सांगता सांगता कंटाळतो आणि शेवटी म्हणतो, "जाऊ दे आजी, तुला न्हाई कळायचं." सीमाप्रश्नाच्या कोणत्याही निवेदनात हे वाक्य सापडणार नाही. पण ते घरोघर बोलले जाते आणि आजीला ते नाक्यावरच्या अडवणुकीपेक्षा जास्त लागते.

"मी जातो" म्हणणारी मुलगी

हे झाले दोन भाषांचे. आता एकाच भाषेतल्या दोन बोलींचे पाहू. येथे प्रतिक्रिया जास्त तीव्र आहेत.

२०१६ मध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, नायक पैलवान राणा आणि त्याच्या तोंडी "चालतंय की". ही काही निव्वळ विनोदी मालिका नव्हे, पण तिच्यातला बराचसा विनोद बोलीवर उभा होता. आमच्या भागात तिचे स्वागत दोन टोकांचे झाले. एका टोकाला आनंद : "पडद्यावर पैल्यांदा आपल्यागत बोलणारा हिरो बगितला." दुसऱ्या टोकाला नाराजी : "आपल्यागत बोलतोय तो भोळाभाबडा, आणि शिकलेली बायको शुद्ध बोलती. म्हंजे शाणपण शुद्ध बोलण्यातच असतंय व्हय?"

ही नाराजी आजची नव्हे. मराठी नाटक-सिनेमा-मालिकांत गडी, हवालदार, मोलकरीण यांच्या तोंडी आपली बोली घालण्याची चाल जुनी आहे. वकील, डॉक्टर, प्राध्यापक मात्र सदाशिव पेठेतले बोलतात. आपल्या कानाला त्याची इतकी सवय झाली आहे, की आपणही त्यावर हसतो आणि मग घरी येऊन पोरांना सांगतो, "नीट बोल, गावंढळासारखं बोलू नकोस."

कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात बायका "मी जातो", "मी आलो" असे म्हणतात, हे सर्वांना माहीत आहे. भाषेच्या अभ्यासकांच्या दृष्टीने हा त्या बोलीचा नियम आहे, चूक नव्हे. एका महाविद्यालयीन तरुणीने आम्हाला सांगितले, की शिक्षणासाठी मोठ्या शहरातल्या वसतिगृहात ती राहायला गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी "मी आंघोळीला जातो" म्हणाली आणि खोलीतल्या मुली मालिकेतला विनोद ऐकल्यासारख्या हसल्या. पुढे महिनाभर ती शक्य तितके कमी बोलली. नंतर 'जाते', 'येते' शिकली. सुट्टीला घरी आल्यावर तोंडातून 'जाते' निघाले, तर आजी म्हणाली, "पुन्याची झालीस व्हय गं?" आणि सगळे घर हसले. दोन्हीकडे हसू झाले ते तिचेच.

मौज अशी, की पलीकडे कन्नडमध्येही हेच रडगाणे आहे. बेळगाव-धारवाडकडची कन्नड बेंगळुरूच्या पडद्यावर पुष्कळदा नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी येते, असे उत्तर कर्नाटकातले कन्नड भाषकही तक्रारीने सांगतात. म्हणजे मुंबईला आपली मराठी हास्यास्पद वाटते आणि बेंगळुरूला शेजाऱ्याची कन्नड. सीमेवर एकमेकांसमोर उभी असलेली ही दोन माणसे आपापल्या राजधान्यांत एकाच बाकावर बसवली गेली आहेत. एवढे जरी दोघांना उमगले, तरी एकमेकांकडे पाहण्याची नजर थोडी बदलेल.

भाषेची थट्टा : लंडन ते दिल्ली

बोलीवरून हसवावे की नाही, हा वाद आपल्यापुरता नाही. १९७७ मध्ये इंग्लंडात 'माइंड युवर लँग्वेज' नावाची मालिका निघाली. देशोदेशीचे लोक लंडनमधल्या रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकायला येतात आणि त्यांच्या चुकांतून विनोद होतो. लोक ती आवडीने पाहत. तरीही परदेशी माणसांना ठोकळेबाज रीतीने दाखवल्याच्या टीकेमुळे १९७९ मध्ये ती बंद करण्यात आली. तिच्यावरून आपल्याकडे १९९३ मध्ये 'जबान संभालके' झाली. पंकज कपूर हिंदीचे शिक्षक, शुभा खोटे मुख्याध्यापिका आणि वर्गात निरनिराळ्या प्रांतांचे, देशांचे विद्यार्थी. त्यांत विजू खोटे यांनी रंगवलेला मराठी गडीही होता.

ती मालिका आपल्या भागात केबलवर पाहिलेली माणसे आजही तिची आठवण काढतात. एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे आम्हाला पटले. ते म्हणाले, "त्या वर्गात सगळेच चुकत होते. तमिळ माणूस चुकायचा, पंजाबी चुकायचा, इंग्रज चुकायचा. त्यामुळे मराठी माणसाच्या चुकीचं वाईट वाटलं नाही. वाईट कधी वाटतं? वर्गात एकटाच चुकतो आणि तो नेमका आपला असतो तेव्हा."

आमच्या मते वादाचे सार एवढेच आहे. विनोदात बोली आली म्हणून अपमान होत नाही. ती बोलणाऱ्याला अक्कल दिली आहे की नाही, यावर तो ठरतो. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ बेळगावात अध्यापन केले. त्यांच्या 'गणगोत'मधले 'रावसाहेब' ज्यांनी वाचले किंवा ऐकले आहेत, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी ऐकून वाचक पोट धरून हसतो. पण शेवटाकडे येता येता त्याच वाचकाचे डोळे भरून येतात, कारण तोवर तो माणूस त्याला आपल्याहून मोठा वाटू लागलेला असतो. बेळगावच्या बोलीची थट्टा त्यात भरपूर आहे, पण बेळगावकरांनी ती कधी मनाला लावून घेतली नाही. उलट मिरवली.

दोन भाषांचा खर्च

आता थोडे व्यवहाराचे बोलू. २०१९ पासून वाहिन्यांचे दर आणि निवड यांची नवी पद्धत लागू झाली. सुरुवातीला पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी करांखेरीज १३० रुपयांपर्यंत आकार होता आणि त्यावर सशुल्क वाहिन्या हव्या तशा निवडून त्यांचे वेगळे पैसे. कंपन्यांनी त्यासाठी भाषावार गठ्ठे बांधले. महाराष्ट्रातल्या घराने मराठी गठ्ठा घेतला, दक्षिण कर्नाटकातल्या घराने कन्नड घेतला, की काम भागते. कोगनोळीतल्या घराला आजीसाठी मराठी हवे, नातवासाठी कन्नड हवे आणि सगळ्यांसाठी हिंदी. तीन भाषांत हसायचे तर तीन भाषांचे पैसे. म्हणून पुष्कळ घरांत एक भाषा गळते. कोणती गळायची, हे रिमोट कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते. मोबाईलमुळे आता ज्याने त्याने आपापले पाहायची सोय झाली. पैसे वाचले, पण एका सतरंजीवर बसून हसणे कमी झाले. पूर्वी एका संचापुढे गल्ली हसायची, आता एका घरात चार जण चार कोपऱ्यांत हसतात.

मग आपली मालिका कोणी लिहायची?

फेरीच्या शेवटी आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : कोगनोळीवर विनोदी मालिका निघाली तर त्यात काय असावे? आणि काय सांगावे, ज्यांनी तोवर हो-नाही एवढ्यावर भागवले होते त्यांची तोंडे उघडली. कोणी म्हणाले, नाक्यावर अडकलेल्या पुढाऱ्याला चहा नेऊन देणारा पोरगा असावा. एक म्हणाले, एका घरात सासू कागलची आणि सून संकेश्वरची असावी, एक मराठीतून रागावते, दुसरी कन्नडमधून पुटपुटते. कन्नडमधला सरकारी कागद घेऊन दारोदार फिरणारा म्हातारा असावा आणि तो ज्याला वाचायला देतो त्या प्रत्येकाने वेगळाच अर्थ सांगावा, अशीही एक सूचना आली. त्यावर मात्र हसणे जरा दबकेच झाले, कारण असे कागद घेऊन फिरलेले दोघे-तिघे समोरच बसले होते.

ही सामग्री मुंबईत मिळणार नाही आणि बेंगळुरूतही मिळणार नाही. ती येथेच आहे. मराठी रंगभूमीचा इतिहासही आपल्याला तेच सांगतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यातून स्फूर्ती घेऊन १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. अण्णा, अक्का, अप्पा ही हाकेची नावे दोन्ही भाषांनी वाटून घेतली, सुपारी कातरायचा अडकित्तासुद्धा आपल्याकडे कन्नडमधून आला असे जाणकार सांगतात. दोन भाषांच्या बांधावर पीक येते, याचे इतके पुरावे असताना आपण मात्र पडद्यावर कोणी आपल्याला दाखवील का, म्हणून डोळे लावून बसलो आहोत.

जत्रेच्या रात्री नाटक बसवणारी, भजनात सोंगे आणणारी, लग्नात मांडवभर हसवणारी माणसे आपल्या गावांत आहेत. हातात मोबाईल असलेला प्रत्येक पोरगा आज चित्रीकरण करू शकतो. महाविद्यालयांनी, वाचनालयांनी, तरुण मंडळांनी मनावर घेतले, तर दहा-दहा मिनिटांचे प्रसंग आपल्याच बोलीत करता येतील. त्यात कन्नड शेजारी असावा आणि त्यालाही अक्कल असावी. आपली आजी असावी आणि तिने "मी जातो" असेच म्हणावे. चुकायचे तर सगळ्यांनी चुकावे.

निघताना आम्ही पुन्हा यजमानांच्या घरी डोकावलो. आजींच्या हातातला मोबाईल नातवाने घेतला होता आणि तो काही तरी कन्नड पाहून एकटाच हसत होता. आजींनी नेहमीप्रमाणे विचारले, "का हसलास रं?" आम्ही तेथेच असल्यामुळे असेल, किंवा संध्याकाळभराच्या आमच्या चौकशीमुळे असेल, या खेपेस तो "जाऊ दे" म्हणाला नाही. तिच्या शेजारी सरकून बसला, प्रसंग मागे नेला आणि एकेक वाक्य तिला आपल्या बोलीत सांगू लागला. बराच वेळ लागला. चौथ्या की पाचव्या वाक्याला आजी हसल्या. ते हसू त्या विनोदाचे होते की नातू जवळ बसल्याचे, हे विचारायला आम्ही थांबलो नाही.